मुकी चिप बोलती करणे



आजच्या विषयाचे नाव वाचून काहींना वाटले असेल की हा विषय अभियंत्यांच्या बैठकीत शोभला असता. आम्ही अभियंते नाही. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले, आणि यंत्रविद्येचे जे चार शब्द येतात ते रात्री कचेरीत दिवा लावून, शब्दकोश शेजारी ठेवून मिळविलेले आहेत. तथापि २०१७ साली एका मुलीचा महिन्याचा पगार या विषयापाशी अडला होता. म्हणून तो आम्हाला शिकावा लागला, आणि शिकल्यावर कळले की तो कोणालाही समजावून सांगता येण्याजोगा आहे.

गच्चीवरची टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारी लहान पेटी आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. अशा पेट्या तयार करणारा एक छोटा कारखाना होता. ही मुलगी तेथे चिपा भरण्याच्या टेबलावर काम करी. काम सोपे दिसणारे. कोरी चिप घ्यावयाची, सॉकेटात बसवावयाची, संगणकावर एक बटण दाबावयाचे, ‘ठीक’ असा शब्द उमटला की चिप काढून ट्रेमध्ये ठेवावयाची. या पहिल्या फेरीत चिपच्या काही मूळ जोडण्या ठरविल्या जात. दुसऱ्या फेरीत तिच्यात प्रत्यक्ष प्रोग्रॅम भरला जाई. त्या दिवशी सकाळी तिने पहिल्या फेरीच्या एकेचाळीस चिपा केल्या आणि एकेचाळीस वेळा ‘ठीक’ हा शब्द पाहिला. दुपारी दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा पहिलीच चिप उत्तर देईना. दुसरी देईना. एकेचाळीसच्या एकेचाळीस मुक्या. सुपरवायझरने त्या पिशवीत भरल्या, ‘जळाल्या’ असा शेरा मारला, आणि त्यांची किंमत पगारातून वळती करण्याची चिठ्ठी तिच्या हाती दिली. ती किंमत जवळजवळ तिच्या महिन्याच्या पगाराएवढी भरत होती.

ती कचेरीत आली आणि म्हणाली, “काका, मी फक्त बटण दाबलं. जळल्याचा वाससुद्धा आला नाही.”

हे शेवटचे वाक्य आमच्या डोक्यात घर करून बसले. एक चिप जळेल, दोन जळतील. एकेचाळीस चिपा वास न येता, तापल्यावाचून, एकाच सकाळी, आणि त्याही ‘ठीक’ म्हणवून घेऊन जळाव्यात हे काही पटेना. कायद्याच्या दृष्टीनेही सगळा प्रश्न येथेच होता. त्या वेळी लागू असलेल्या १९३६ च्या वेतन अदायगीच्या कायद्याप्रमाणे सोपविलेल्या मालाचे नुकसान कामगाराच्या हयगयीने झाले असेल तरच कपात करता येई. तीही नुकसानीपेक्षा अधिक नाही, आणि कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून तर मुळीच नाही. (२०१९ च्या वेतन संहितेतही हे तत्त्व कायम ठेवले आहे.) हयगय झाली की नाही यावर वाद घालता आला असता. पण त्याच्याही आधीचा प्रश्न असा की, नुकसान झाले आहे काय? चिपा खरोखर मेल्या आहेत काय? याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नव्हते, ते चिपच्या माहितीपत्रकात होते.

आता थोडे चिपविषयी. ती चिप ‘एटीमेगा ३२८ पी’ या नावाची होती. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांनी जी रचना आखली, तिच्यावरून ॲटमेल कंपनीने ‘एव्हीआर’ नावाचे चिपांचे घराणे काढले. त्या घराण्यातली ही एक. २०१६ साली ॲटमेल मायक्रोचिप या कंपनीने विकत घेतली. शाळा-महाविद्यालयांतील मुले ‘आर्डुइनो उनो’ नावाचा जो निळा बोर्ड वापरतात, त्याच्यावरची चिप हीच. कारखान्यात होती ती काळ्या रंगाची, दोन्ही अंगांना चौदा-चौदा असे अठ्ठावीस पाय असलेली, गोमेसारखी. तिच्या पोटात गणित करणारा भाग आहे, प्रोग्रॅम साठविण्याची जागा आहे, आणि बाहेरच्या जगाशी बोलण्यासाठी हे पाय आहेत. एवढे सारे एका चिपमध्ये असते म्हणून तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात.

या चिपला दोन गोष्टी लागतात. एक वीज, ती सर्वांना ठाऊक आहे. दुसरी ठोका, आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. इंग्रजीत त्याला ‘क्लॉक’ म्हणतात, परंतु घड्याळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वेळ दाखविणारे काटे येतात, आणि घोटाळा होतो. ही क्लॉक वेळ दाखवीत नाही. ती फक्त टक्, टक्, टक् करते. लोहाराच्या भात्यापाशी कोणी उभे राहिले असेल त्याने पाहिले असेल: लोहाराच्या हाती लहान हातोडी असते आणि समोरच्या गड्याच्या हाती घण. लोहार ऐरणीवर टिचकी मारतो, त्या टिचकीवर घण पडतो. टिचकी थांबली की गडी घण खांद्याशी धरून उभा राहतो. तो मेलेला नसतो, झोपलेला नसतो, कामचुकारही नसतो. टिचकीची वाट पाहत असतो. चिपचे अगदी असेच आहे. प्रत्येक ठोक्याला ती आपले काम एक पाऊल पुढे नेते. ठोका बंद झाला की जेथे असेल तेथे थांबते; वीज चालू असेतोवर हातातले काहीही सांडत नाही. माहितीपत्रकात हा गुण स्पष्ट नोंदविलेला आहे.

हे ठोके पडतात तरी किती? आर्डुइनो उनोच्या बोर्डावर ते सेकंदाला एक कोटी साठ लाख पडतात. मनगटी क्वार्ट्झ घड्याळात सेकंदाला ३२,७६८. हा आकडा विचित्र वाटेल, पण तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणून तो घेतला आहे. क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीच्या जातीचा स्फटिक, दाबला की त्याच्या अंगावर विद्युत्भार येतो, हे झाक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० साली दाखविले. उलट, त्याला वीज दिली की तो आकसतो-फुगतो. या गुणामुळे तो ठराविक गतीने थरथरत ठेवता येतो आणि अचूक ठोका देतो. असो, स्फटिकाची गोष्ट मोठी आहे, ती येथे पुरी होणार नाही.

आमच्या चिपला ठोका मिळण्याच्या मुख्य वाटा तीन. पहिली, तिच्या पोटातच एक ठोकेवाला बसविलेला आहे, तो सेकंदाला ऐंशी लाख ठोके देतो. तो फार काटेकोर नाही. कारखान्यातून येताना त्यात शंभरात दहापर्यंत फरक असू शकतो. पण टाकीचे पाणी पाहावयाला तेवढे पुरते. दुसरी वाट, बाहेर दोन पायांना स्फटिक जोडावयाचा आणि चिपने त्याला हलवीत ठेवून ठोका घ्यावयाचा. तिसरी वाट अशी की बाहेरच्या दुसऱ्याच कोणी तयार ठोका आणून एका पायावर द्यावयाचा. चिपने स्वतः काहीच करावयाचे नाही, केवळ ऐकावयाचे. यांखेरीज पोटात एक अतिमंद ठोकेवालाही आहे, सेकंदाला एक लाख अठ्ठावीस हजारांचा. त्याच्याकडे पुढे येऊ.

यांपैकी कोणती वाट घ्यावयाची हे चिपला कोण सांगते? त्यासाठी तिच्यात काही कळा ठेवलेल्या आहेत आणि त्यांना ‘फ्यूज’ म्हणतात. हे नाव फसवे आहे. आपल्या घरातला फ्यूज उडाला की तार वितळते आणि ती पुन्हा घालावी लागते. जुन्या काळच्या काही चिपांत खरोखरच अशा तारा जाळून खुणा करीत, त्यावरून नाव राहिले. या चिपमधले फ्यूज जळत नाहीत. ते म्हणजे स्मृतीच्या कायमच्या खुणा: वीज गेली तरी राहतात, प्रोग्रॅम पुसला तरी राहतात, परंतु पुन्हा लिहिता येतात. सुपरवायझरने ‘जळाल्या’ असा शेरा मारला त्याच्या मागे हा शब्द असावा असा आमचा संशय आहे. फ्यूज बदलला आणि चिप बंद पडली, म्हणजे काहीतरी जळाले. शब्दच माणसाला असे चुकीच्या बोळात नेऊन सोडतात.

ठोक्याची वाट ठरविणाऱ्या कळा चार आहेत. प्रत्येक कळ एक किंवा शून्य. चिप कारखान्यातून येते तेव्हा त्या चार कळा ०, ०, १, ० अशा असतात, म्हणजे पोटातला ऐंशी लाखांचा ठोकेवाला. त्याशिवाय आणखी एक कळ अशी लावलेली असते की ते ठोके आठाने भागले जावेत. म्हणून कोरी चिप सेकंदाला दहा लाख ठोक्यांवर चालते. या कळा आणि त्यांच्या शेजारच्या आणखी चार, मिळून आठांचा एक आकडा होतो. तो दोन खुणांत लिहितात, दर चार कळांना एक खूण. कोऱ्या चिपचा आकडा ‘सहा दोन’. पेटीला आठाचा भागाकार नको होता, म्हणून कारखाना तो बदलून ‘ई दोन’ करी. ‘ई’ म्हणजे १, १, १, ०. ‘दोन’ म्हणजे ०, ०, १, ०. आणि त्या सकाळी एकेचाळीस चिपांत जे लिहिले गेले ते होते ‘ई शून्य’, अर्थात ०, ०, ०, ०. चार शून्ये याचा अर्थ: तिसरी वाट, बाहेरून तयार ठोका येईल, तो ऐक.

फरक एका कळेचा. पेटीच्या सर्किटात बाहेरून ठोका देणारे कोणी नव्हतेच. एकेचाळीस गडी घण खांद्याशी धरून उभे होते आणि लोहार भात्यावर आलाच नव्हता.

‘ई शून्य’ आले कोठून, हेही सांगावयास हवे. त्याच कारखान्याच्या दुसऱ्या एका मालात ठोका देणारी चौकोनी पत्र्याची डबी बोर्डावर बसविलेली असे, आणि तेथे ‘ई शून्य’ हेच बरोबर होते. संगणकाच्या पडद्यावर दोन मालांच्या दोन खुणा शेजारी शेजारी होत्या. नावे म्हणाल तर केवळ अंक. मुलीचे बोट शेजारच्या खुणेवर पडले. तिचा हात लागला ही गोष्ट खरी आहे, आम्ही ती कधी नाकारली नाही. पण दोन सारख्या दिसणाऱ्या दारांवर पाट्या लावायच्या कोणी?

यावर कोणीही विचारील, की मग तिला पहिल्याच चिपला कळावयास नको होते काय? संगणक ‘ठीक’ कसे म्हणाला? मालकाचाही हाच प्रश्न होता, आणि याचे उत्तर माहितीपत्रकातल्या एका ओळीत सापडले. चिप लिहून घेण्याच्या अवस्थेत शिरते त्या क्षणी ती आपल्या कळा एकदा पाहून घेते. त्यानंतर कळांत बदल केला तरी त्या अवस्थेतून बाहेर पडेपर्यंत तो लागू होत नाही. म्हणजे ‘ई शून्य’ लिहिताना चिप अजून जुन्याच, पोटातल्या ठोक्यावर चालत होती. तिने आकडा लिहून घेतला, संगणकाने तो परत वाचून पाहिला, जुळला, आणि ‘ठीक’ म्हटले. ते खोटे नव्हते. सांगितले ते लिहिले गेले, एवढाच त्याचा अर्थ होता. सांगितलेले योग्य आहे, असा नव्हता. चिप सॉकेटातून निघाली, पुन्हा वीज मिळाली, आणि तेव्हा नवा हुकूम लागू झाला. एकेचाळीस चिपांची पहिली फेरी पुरी झाल्यावर दुसरी सुरू करण्याची पद्धत होती, म्हणून चूक एकेचाळीस वेळा झाली. एकेक चिप दोन्ही फेऱ्यांतून काढली असती तर पहिल्या चिपलाच ती उघडी पडली असती. ही पद्धत मुलीने ठरविलेली नव्हती.

आता, चिप ठोक्यावाचून उभी आहे, तर तिला संगणकावरून पुन्हा ‘ई दोन’ लिहा असे का सांगता येत नाही? कारण ऐकावयालाही ठोका लागतो. संगणकाला जोडलेला प्रोग्रॅमर हा लहान यंत्रभाग चिपचा रिसेटचा पाय दाबून धरतो आणि एका तारेवरून एकेक अंक पाठवितो, दुसऱ्या तारेवरून त्याचा ताल देतो. चिप तो ताल आपल्या स्वतःच्या ठोक्यावर मोजून पाहते. नियम असा आहे की प्रोग्रॅमरच्या तालाचा वर-खाली होणारा प्रत्येक भाग चिपच्या दोन ठोक्यांपेक्षा मोठा असावा. म्हणजे प्रोग्रॅमरने चिपच्या ठोक्यांच्या चौथाईपेक्षा हळू बोलले पाहिजे. चिपचा ठोकाच शून्य, तर शून्याची चौथाई शून्य. कितीही हळू बोला, तिला ऐकू जाणार नाही.

रोगाची ओळख येथे पटली, आणि तिच्यातच उपायही आहे. चिप म्हणते आहे, बाहेरून ठोका द्या. तर मग द्या! पेटीत ठोकेवाला नसेल, तर पेटीबाहेर, टेबलावर, तात्पुरता उभा करा. तेवढ्या अवधीत तिच्याशी बोला, कळ पूर्ववत करा, आणि ठोकेवाल्याला निरोप द्या.

आमच्या कचेरीत रविवारी अभ्यासवर्ग भरे. तेथे येणाऱ्या तंत्रनिकेतनाच्या एका विद्यार्थ्याकडे आर्डुइनो उनोचा बोर्ड होता. त्यावरची चिप निरोगी आणि एक कोटी साठ लाखांच्या ठोक्यावर चालणारी. तिच्यात एक मोजणी करणारा भाग असतो, त्याला त्याने चार ओळींत सांगितले की दर आठ ठोक्यांनी आपला एक पाय उलट कर: वर असेल तर खाली, खाली असेल तर वर. सोळा ठोक्यांत एक पूर्ण फेरा. एक कोटी साठ लाखांस सोळाने भागले, आले दहा लाख. बोर्डावर ज्या पायाला नऊ क्रमांक दिला आहे तेथे हे सेकंदाला दहा लाख ठोके येऊ लागले. आमच्या मुक्या चिपवर बाहेरचा ठोका घेणारा पायही, योगायोगाने, नववाच. नवाची तार नवाला लागली. दोन्हींचे ग्राउंड एकत्र केले. हे विसरले की सारा खटाटोप फुकट जातो, कारण दोघांना समान पाया नसेल तर एकाचे ‘वर’ दुसऱ्याला ‘वर’ वाटत नाही. दोन्हीकडे पाच व्होल्टच होते हे मीटरने पाहून घेतले. आधी मुक्या चिपला वीज, मग ठोका. वीज नसलेल्या चिपच्या पायावर ठोका दिला तर ती त्या पायातूनच वीज ओढू पाहते, आणि ते पायाला मानवत नाही.

पहिल्या खेपेस काही झाले नाही. मंडळींचे चेहरे उतरले. मग त्या विद्यार्थ्याच्या ध्यानात आले की प्रोग्रॅमर अद्याप नेहमीच्याच वेगाने बोलतो आहे. चिपचे ठोके दहा लाख, चौथाई म्हणजे अडीच लाख. त्याहून हळू बोलावयास हवे होते. वेग एक लाखाच्या खाली आणला. पुन्हा विचारले.

येथे एक शिस्त सांगून ठेवतो. चिपला आधी काही लिहावयाचे नाही, आधी तिचे नाव विचारावयाचे. या जातीच्या प्रत्येक चिपमध्ये तीन खुणांचे ओळखपत्र कोरलेले असते. आमच्या चिपचे ‘एक ई, नऊ पाच, शून्य एफ’. मुकी चिप विचारल्यावर उत्तरच देत नाही, किंवा सगळी शून्ये दाखविते. या वेळी पडद्यावर तीन खुणा उमटल्या, आणि त्या बरोबर होत्या. ती मुलगी शेजारीच उभी होती. ती म्हणाली, “बोलली!” आम्हाला वाटते, या साऱ्या प्रकाराला याहून नेमका शब्द नाही, म्हणून व्याख्यानाच्या नावात तोच घेतला.

त्यानंतर ‘ई दोन’ लिहिले, परत वाचून पाहिले. आणि या वेळी नुसत्या ‘ठीक’वर विसंबलो नाही. ठोक्याची तार काढली, वीज बंद केली, पुन्हा चालू केली, आणि बाहेरच्या ठोक्यावाचून नाव विचारले. नाव आले. एका चिपला दोन मिनिटेसुद्धा लागली नाहीत. बाकीच्या चिपा त्या मुलीने स्वतः केल्या.

हा उपाय सरसकट सर्व मुक्या चिपांना लागू पडत नाही, हेही सांगणे प्राप्त आहे. कळा दुसऱ्या वाटेच्या, म्हणजे स्फटिकाच्या लावल्या गेल्या असतील आणि बोर्डावर स्फटिक नसेल, तर सरळ स्फटिकच जोडावा. दोन पायांना स्फटिक आणि प्रत्येक पायापासून ग्राउंडपर्यंत बावीस पिकोफॅरडचा एकेक कॅपॅसिटर, बस्स. बाहेरचा ठोका दिला तरी बहुधा चालते. परंतु चिप त्या अतिमंद ठोकेवाल्यावर गेली असेल, तर बाहेरून कितीही ठोके द्या, ती ऐकणार नाही, कारण तिचे कान त्या पायाकडे नाहीतच. ती मुकी नसून सावकाश बोलणारी आहे. एक लाख अठ्ठावीस हजारांची चौथाई बत्तीस हजार. आठाचा भागाकारही लागलेला असेल तर चार हजार. प्रोग्रॅमरला तितके हळू बोलावयास लावले की ती उत्तर देते. पुष्कळ जण येथे घाईने चिप टाकून देतात.

खरी अवघड स्थिती निराळी आहे. रिसेटचा पाय साध्या पायासारखा वापरता यावा म्हणून एक कळ दिलेली आहे. ती लागली की प्रोग्रॅमरला दाबून धरावयाला रिसेटच उरत नाही; दारच भिंतीत गेले म्हणा ना. त्यासाठी रिसेटच्या पायावर बारा व्होल्ट देऊन, पुष्कळ तारा जोडून बोलण्याची वेगळी पद्धत आहे. तिच्यात ठोकाही प्रोग्रॅमरच पुरवितो, म्हणून चिपच्या ठोक्याच्या कळा कशाही असल्या तरी अडत नाही. पण बारा व्होल्ट चुकून शेजारच्या पायाला लागले तर मात्र जळाल्याचा वास खरोखरच येईल.

चिपांची इतर घराणीही आहेत. ‘एसटीएम ३२’ या घराण्यात ठोक्याची निवड कायमच्या कळांत नसते, प्रोग्रॅम स्वतःच चालू झाल्यावर ती करतो. त्यामुळे रिसेट केला की चिप पुन्हा आपल्या पोटातल्या ठोक्यावर येते, आणि चुकीचा प्रोग्रॅम पुन्हा तिला खड्ड्यात घालतो. तेथे रिसेट दाबून धरून तिच्याशी जोडणी करावयाची, किंवा ‘बूट शून्य’ हा पाय वर ओढून तिला आपल्या प्रोग्रॅमऐवजी निर्मात्याने आत ठेवलेल्या मूळ प्रोग्रॅमवर उठवावयाचे, आणि मग चुकीचा प्रोग्रॅम पुसावयाचा.

कोणी म्हणेल, दीडदोनशे रुपयांच्या वस्तूसाठी एवढी खटपट कशाला? २०२१ च्या सुमारास जगभर चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा पैसे देऊनही मालासाठी महिनोन्महिने थांबावे लागले. तेव्हा हा प्रश्न कोणी विचारीत नव्हते. आणि दीडदोनशे ही किंमत कोणाच्या खिशातून जाते यावर ती थोडी की फार हे ठरते.

सोमवारी आम्ही ट्रे घेऊन मालकांकडे गेलो. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी सुपरवायझरला बोलाविले, एक चिप पेटीत घातली, बादलीत पाणी ओतून पाहिले. पंप बंद झाला. चिठ्ठी त्यांनी आमच्यासमोर फाडली. मग विचारले, “एकेचाळीस म्हणाला होता, हे तर चाळीस आहेत.”

एक उरली होती खरी. घाईने पिशवीत कोंबताना तिचा नववा पाय मुळाशी तुटला होता, आणि ठोका द्यावयाचा तो त्याच पायावर. मुलगी म्हणाली, खुंट शिल्लक आहे, केसाएवढी तार सोल्डर करून पाहते. ती चिप तिने रुमालात गुंडाळून ठेवली होती.